पहिला महिना, संध्याकाळी सात ते अकरा : पुण्यातल्या प्राचार्यांना खुले पत्र

प्रति,
पुण्यातील महाविद्यालयांचे प्राचार्य आणि संस्थाचालक यांस,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

मी पुण्यात मुलींच्या हॉस्टेलवर बरीच वर्षं रेक्टर होते. आता निवृत्त आहे. पण कॅप राउंडच्या, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशफेरीच्या, याद्या लागायला लागल्या की मन अजून हॉस्टेलकडे धावतं, आणि दर वर्षी जे सांगायचं राहून जातं ते यंदा लिहून टाकते आहे.

विनंती एकच आहे. प्रथम वर्षाची मुलं हॉस्टेलवर राहायला आली की पहिला महिनाभर, रोज संध्याकाळी सात ते रात्री अकरा, आपल्या महाविद्यालयातला एक तरी शिक्षक हॉस्टेलवर हजर असावा. त्याने मुलांबरोबर मेसमध्ये बसून, मुलं खातात तेच जेवावं. भाषण करू नये, पाहणी करू नये. जेवावं, नावं विचारावीत, दुसऱ्या दिवशी ती लक्षात ठेवावीत.

मागणी छोटी वाटेल. ती का करते आहे, ते मात्र जरा विस्ताराने सांगायला हवं.

कॉलेजचा दिवस मुलांना सांभाळून घेतो. वेळापत्रक असतं, वर्ग असतो, प्रॅक्टिकलची बॅच असते, चुकलं तर विचारायला ऑफिसमध्ये कुणीतरी बसलेलं असतं. पाच-साडेपाचला विभागांना कुलपं लागतात आणि हे सगळं संपतं. त्यानंतर हॉस्टेलवर उरतात ती रेक्टर, वॉचमन आणि मेसची माणसं. रेक्टर एकटी आणि मुली दोन-दोनशे. तिच्या डोक्यावर टाकीचं पाणी, बिघडलेला गिझर, लिफ्टवाला, प्लंबर, उशिरा येणाऱ्यांची नोंदवही, शिवाय रात्री दहाला येणारे पालकांचे फोन. दोनशे जणींपैकी नव्या सत्तर कोण, हे तिला कळेपर्यंत पहिली चाचणी परीक्षा तोंडावर आलेली असते. मी हे काम मनापासून केलं आहे, आणि तरीही सांगते की एका माणसाला ते पेलत नाही. पेलेल अशी त्याची रचनाच केलेली नाही.

येणारी मुलगी कोण असते ते बघा. लातूर, नांदेड, वाशीम, नंदुरबार, सांगोला. बारावीपर्यंत आईच्या हाताखाली, भावंडांच्या गर्दीत वाढलेली. वडील बरोबर येतात. दुपारी बादली, मग, कपडे वाळत घालायची दोरी आणि कुलूप घेऊन देतात, गादी कॉटवर टाकून हाताने दाबून बघतात, "मॅडम, लक्ष असू द्या" असं जाताना दोनदा सांगतात आणि वाकडेवाडीहून नाहीतर स्वारगेटहून रात्रीची एसटी धरतात. आता तिच्या वाट्याला एक कॉट, एक कपाट आणि त्या कपाटाची किल्ली आलेली असते. ती किल्ली मिळाल्याचा आनंदही खरा असतो, हे मी विसरत नाही. कित्येकींच्या आयुष्यातलं ते पहिलं स्वतःचं कपाट असतं. पण संध्याकाळ होते आणि खोलीत दोन अनोळखी मुली असतात. एक तासभर फोनवर इंग्रजीत बोलत असते, दुसरीने कानात इअरफोन घातलेले असतात. नवीने कुणाशी आणि कशावरून बोलायला सुरुवात करायची, हे तिला कोणत्याही माहितीपुस्तिकेत सापडत नाही.

घरून फोन येतो. पहिला प्रश्न ठरलेला : जेवलीस का? ती "हो" म्हणते. बहुतेक वेळा ती जेवलेली नसते.

जेवणाबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण हॉस्टेलवर मुलाचं काय चाललंय हे सगळ्यांत आधी मेसमध्ये कळतं. आपल्याकडे मेसचे खाडे, म्हणजे न जेवलेले दिवस, धरतात. गावी जायचं असेल तर आधी सांगायचं, सलग तीन-चार दिवसांपेक्षा जास्त असेल तर खाडे धरून बिलातून पैसे वजा होतात. म्हणजे खाड्यांची वही हिशेबासाठी असते. न सांगता जेवायला न येणाऱ्या मुलीची नोंद त्या वहीत होत नाही. तिचे पैसे मिळालेले असतात, ठेकेदाराची एक थाळी वाचते, कुणाचं काही बिघडत नाही. बिघडतं ते फक्त त्या मुलीचं. माझ्याकडे हिंगोली भागातली एक मुलगी आली होती. पहिले बरेच दिवस ती खोलीत बसून घरून आणलेला चिवडा आणि शेंगदाण्याचे लाडू खात होती. कारण काय, तर मेसमध्ये ताट घेऊन रांगेत उभं राहायचं, कार्ड कुणाला दाखवायचं, भात दुसऱ्यांदा मागितला तर चालतो का, हे तिला माहीत नव्हतं आणि विचारायची लाज वाटत होती. पोळ्या लाटणाऱ्या मावशींनी ते ओळखलं आणि मला येऊन सांगितलं. त्यांनी सांगितलं नसतं तर ती आजारी पडल्यावरच आम्हाला कळलं असतं. वर्गात ती रोज हजर होती. प्राध्यापकांच्या नोंदीत तिचं सगळं व्यवस्थित चाललं होतं.

मेसमधल्या मावशींना कोण जेवायला येत नाही, कोण एकटं बसतं, कोण ताटात तसंच टाकून उठतं हे सगळं ठाऊक असतं. पण त्यांना कुणी विचारत नाही. त्या टेबलाशी संध्याकाळी शिक्षक बसला तर त्याला आठवड्याभरात हे सगळं दिसेल. वेगळा अर्ज, वेगळी समिती लागणार नाही.

अन्नाचं आणखी एक आहे. ज्वारीची भाकरी खाऊन वाढलेल्या मुलीला मेसची पोळी पहिले काही दिवस घशाखाली उतरत नाही. कोकणातल्या मुलीला भात कमी पडतो. खानदेशातली मुलगी तिखटासाठी झुरते. हे लाड नाहीत. सतरा-अठरा वर्षं एका चवीवर वाढलेलं शरीर असतं ते. आठवड्यातून दोनदा भाकरी ठेवली तर ठेकेदाराचं दिवाळं निघत नाही, हे मी करून पाहिलेलं आहे.

आणि रविवारची संध्याकाळ. पुण्यातल्या बहुतेक मेसमध्ये रविवारी दुपारी फीस्ट असते आणि संध्याकाळी मेस बंद. जुन्या मुली ठरवून बाहेर जातात, नातेवाइकांकडे जातात, नाहीतर मिळून काहीतरी मागवतात. नवी मुलगी खोलीत असते. दिवसभर तास नाहीत, रात्रीचं जेवण नाही, हातात मोजके पैसे, आणि गावाकडे घरचे सगळे एकत्र असल्याचं फोनवर ऐकू येतं. सगळ्यांत जास्त रडणं मी रविवारी संध्याकाळी पाहिलं आहे. पहिला महिना तरी रविवारी रात्री मेस चालू ठेवा. खिचडी-कढी असली तरी पुरे. आणि शिक्षकांच्या पाळ्या लावताना रविवार रिकामा सोडू नका.

पाण्याचं थोडक्यात सांगते, कारण ते आपल्याला माहीत आहे. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागात गुइलेन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकामागून एक सापडले आणि बोट दूषित पाण्याकडे गेलं. त्याच रस्त्याच्या आजूबाजूला किती कॉलेजं, किती हॉस्टेलं आणि किती टँकर आहेत ते आपण जाणता. मुलं यायच्या आधी टाक्या धुतल्याची तारीख आणि पाणी तपासल्याचा अहवाल मेसच्या दारावर लावा.

आता खोल्या देण्याबद्दल. बहुतेक ठिकाणी खोल्या फी भरल्याच्या क्रमाने नाहीतर शाखेनुसार देतात. हे ऑफिसला सोपं पडतं. पण खोलीतली भांडणं शाखेवरून होत नाहीत, ती दिव्यावरून होतात. एकीला पहाटे पाचला उठून अभ्यास करायचा असतो, दुसरी रात्री दोनपर्यंत जागते. प्रवेशाच्या अर्जात "लवकर झोपता की उशिरा" हा एक प्रश्न घाला, निम्म्या तक्रारी येणारच नाहीत. दुसरं, एकाच तालुक्यातल्या तिघींना एका खोलीत कोंबू नका, त्या बाहेरच्या कुणाशी बोलत नाहीत. पण मराठी माध्यमातून आलेल्या एकटीला दोन इंग्रजी माध्यमवाल्यांबरोबरही टाकू नका. तीन कॉटच्या खोलीत दोघी तरी एकमेकींच्या भाषेत बोलू शकतील असं बघा. मराठी माध्यमाची मुलगी दिवसभर वर्गात इंग्रजी ऐकून दमलेली असते. रात्री तरी तिला मनातलं जसंच्या तसं बोलता आलं पाहिजे.

रॅगिंगबद्दल लिहिणं भाग आहे. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड, आणि तक्रार आल्यावर सात दिवसांत चौकशी करण्याची जबाबदारी संस्थाप्रमुखावर. २००९ च्या मार्चमध्ये हिमाचल प्रदेशातल्या वैद्यकीय महाविद्यालयात अमन काचरू हा प्रथम वर्षाचा विद्यार्थी सीनियर्सच्या मारहाणीनंतर मरण पावला आणि त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने देशभरासाठी नियम केले. त्या नियमांतलं प्रतिज्ञापत्र आपण सगळ्यांकडून भरून घेता. मुलं ते न वाचता भरतात, पालक न वाचता संमती देतात. पण त्याच नियमांत आणखीही लिहिलेलं आहे, ते कृपया पुन्हा काढून वाचा. नव्या विद्यार्थ्यांचे छोटे गट करावेत, प्रत्येक गट एका शिक्षकाकडे सोपवावा, त्या शिक्षकाने गटातल्या प्रत्येकाशी रोज बोलावं, त्याच्या अडचणी समजून घ्याव्यात, हॉस्टेलच्या वॉर्डनशी संपर्कात राहावं आणि खोल्यांना अचानक भेटी द्याव्यात. नव्यांना शक्यतो वेगळ्या इमारतीत ठेवावं. म्हणजे मी मागते आहे ते माझ्या मनातलं नाही, सोळा-सतरा वर्षं कागदावर असलेलं आहे. आपल्याकडे ते कागदावर पूर्ण होतं. गटांची यादी तयार असते, कॉलेजचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फाइलमध्ये लावलेली असते, पण त्या यादीतल्या शिक्षकाला आपल्या गटातली मुलं कोणत्या मजल्यावर राहतात हे माहीत नसतं.

"इंट्रो", म्हणजे ओळखीच्या नावाखाली होणारं रॅगिंग, अजून चालते. रात्री साडेदहा-अकराला बोलावणं येतं, मान खाली, नजर शर्टाच्या तिसऱ्या बटणावर, नाव-गाव-टक्के सांगायचे, चुकलं की पुन्हा. आता मोबाइलच्या ग्रुपवरही चालते, रात्री दोनला मेसेज येतो आणि उत्तर दिलं नाही तर सकाळी जाब विचारला जातो. मुलींच्या हॉस्टेलवर ती कमी उघड असते, पण असते. कपड्यांवरून, बोलण्यातल्या गावरान हेलावरून, आडनावावरून. आडनावावरून जे बोललं जातं ते फार खोल जातं, आणि त्याची तक्रार जवळजवळ कधीच होत नाही. कारण तक्रार करायची म्हणजे ते शब्द आपल्या तोंडाने पुन्हा उच्चारायचे. १८००-१८०-५५२२ हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक भिंतीवर असतो, असायलाच हवा. पण त्या क्रमांकावर फोन करण्याआधी जी पायरी असते, जिथे मूल कुणाला तरी नुसतं म्हणतं की मला इथे बरं वाटत नाही, ती पायरी आज रिकामी आहे. माझी मागणी त्या पायरीवर कुणीतरी उभं राहावं यासाठी आहे.

तरीही सगळ्या सीनियर्सना दूर ठेवा असं मी म्हणणार नाही. नव्या मुलीला पीएमपीचा पास कुठे काढायचा, जुनी पुस्तकं अप्पा बळवंत चौकात कशी मिळतात, कोणत्या सरांच्या सबमिशनला फाइल कशी लागते, पाळीच्या दिवसांत मेसमधून गरम पाणी कसं मागायचं, हे सगळं वरच्या वर्गातली ताईच शिकवते. माझ्या हॉस्टेलवर ज्या मुली टिकल्या, त्या बहुतेक कुठल्या तरी ताईच्या आधाराने टिकल्या. राहायचे मजले वेगळे असू द्यात, जेवण एकत्र असू द्या, आणि त्या जेवणाला शिक्षक असू द्या. मोठ्यांच्या नजरेसमोर झालेली ओळख वेगळीच होते.

समुपदेशकाचं काय, असं आपण विचाराल. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं दिली. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक हवा, हे त्यांत आहे. हॉस्टेलच्या पंख्यांना सुरक्षेची उपकरणं बसवावीत, हेही आहे. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला हे लिहावं लागलं, यावरून वेळ काय आली आहे ते समजावं. समुपदेशक नेमाच. पण त्यांची वेळ दहा ते पाच असते, खोली प्रशासकीय इमारतीत असते आणि दारावर पाटी असते. पहिल्या महिन्यातली मुलगी त्या पाटीच्या दारातून आत जात नाही, कारण बाहेर कॉरिडॉरमध्ये वर्गातली मुलं उभी असतात. तिला भरून येतं ते रात्री, दिवे मालवल्यावर, उशीत तोंड खुपसून. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, तो प्रत्येक मजल्यावर लावा. त्याच्या बरोबरीने, जिला ती रोज जेवताना भेटते अशी एक मोठी बाई किंवा असा एक माणूस तिला ठाऊक असू द्या.

हे पुण्याला नवं नाही, म्हणून तर मला आशा आहे. महर्षी कर्वे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचे आणि शिकवून झालं की हिंगण्याच्या आश्रमापर्यंत चालत जायचे. १९०० साली तिथे एक झोपडी होती, रस्ता नावापुरता होता, पावसाळ्यात चिखल. कॉलेजमधला प्राध्यापक दिवसाचं काम संपवून शिकणाऱ्या मुलींच्या राहत्या जागी जातो, ही गोष्ट या शहरात सव्वाशे वर्षांपूर्वी घडलेली आहे, आणि आज त्याच हिंगण्याच्या कर्वेनगरात गल्लोगल्ली मुलींची हॉस्टेलं आहेत. राजर्षी शाहूंनी १९०१ पासून कोल्हापुरात एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी केली, कारण गावाकडच्या मुलाला शहरात डोक्यावर छप्पर आणि दोन वेळचं जेवण मिळाल्याशिवाय शाळा उघडून उपयोग नाही हे त्यांना कळलं होतं. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या साताऱ्याच्या बोर्डिंगात धान्य संपलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा दिलं. त्या मुलांसाठी स्वतः चुलीपुढे बसायच्या. पुण्यात १९५५ साली अच्युतराव आपटे यांनी विद्यार्थी सहाय्यक समिती सुरू केली तीही खेड्यातून आलेल्या मुलांच्या राहण्या-जेवण्याचा प्रश्न समोर ठेवून. या सगळ्यांनी राहणं हा शिक्षणाचाच भाग मानला. आपण मात्र हॉस्टेल इमारत विभागाकडे आणि मेस ठेकेदाराकडे दिली.

हॉस्टेलवर जागा न मिळालेल्या मुलांना या पत्रात विसरता येणार नाही, कारण संख्येने ती जास्त आहेत. याद्या उशिरा लागतात, शासकीय वसतिगृहांचे प्रवेश त्याहून उशिरा होतात, आणि तोवर तास सुरू झालेले असतात. मग कर्वेनगर, धनकवडी, आंबेगाव, नवी पेठ, जिथे मिळेल तिथे कॉट बेसिसवर राहायचं. दहा बाय बाराच्या खोलीत चार कॉट, एक संडास, मालक खाली राहतो आणि रात्री नऊनंतर पाणी बंद करतो. नाहीतर ओळखीच्या मुलाच्या हॉस्टेलच्या खोलीत लपून राहायचं. आपल्याकडे अशा मुलाला "पॅरासाइट" म्हणतात, आणि तो शब्द मुलं हसत स्वतःसाठी वापरतात तेव्हा मला अजूनही ऐकवत नाही. हा मुलगा आपल्या पटावर आहे. फीही आपण घेतली आहे. पण तो कुठे झोपतो हे आपल्या कुठल्याच वहीत नाही. त्याचा पत्ता विचारा. त्याला आठवड्यातून एकदा तरी हॉस्टेलच्या मेसवर जेवायला बोलवा, त्याच टेबलावर.

पैशाचं या सगळ्याशी थेट नातं आहे. २०२४-२५ पासून शासनाने वार्षिक ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या अनेक मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क माफ केलं. फार चांगलं झालं. पण हॉस्टेल आणि मेस त्यात नाही, आणि गावाकडच्या घराला पुण्यात मुलगी ठेवताना खरा घोर त्याचाच असतो. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या मुलांसाठी असलेल्या स्वाधार योजनेत पुण्यातल्या विद्यार्थ्याला वर्षाला ६०,००० रुपये धरले गेले : भोजनाचे ३२,०००, निवासाचे २०,०००, निर्वाहाचे ८,०००. निवासाचे २०,००० म्हणजे महिन्याला दोन हजारही नाहीत. त्यात पुण्यात कॉट मिळत नाही. शिवाय हे पैसे वर्षाच्या सुरुवातीला, डिपॉझिट भरायच्या वेळी हातात नसतात. पैसे कमी पडले की मूल पहिल्यांदा काय सोडतं? एक वेळचं जेवण. म्हणून पुन्हा सांगते, मेसच्या टेबलावर लक्ष ठेवा. ज्यांची योजनेची रक्कम यायची आहे त्यांच्याकडून हॉस्टेलची फी हप्त्याने घ्या, आणि डिपॉझिटसाठी त्यांना ऑफिसच्या खिडकीशी सगळ्यांसमोर उभं करू नका.

फाटकाच्या वेळेबद्दल दोनच वाक्यं. मुलींचं फाटक साडेसातला बंद करायचं आणि मुलांचं उघडं ठेवायचं, याने मुलगी सुरक्षित होत नाही, तिची लायब्ररी तेवढी सुटते; सुरक्षेचं कारण देऊन मुलींवर वेगळी बंधनं घालू नयेत, असं विद्यापीठ अनुदान आयोगाच्याच "सक्षम" अहवालाने २०१३ मध्ये सांगितलं आहे. फाटकावर वॉचमन वाढवण्यापेक्षा आत एक शिक्षिका बसवणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

आता आपली अडचण. शिक्षक आधीच दमलेले आहेत, हे मी जाणते. शिकवण्याची बरीच जबाबदारी तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांवर आहे, त्यांना सुट्टीचे पैसे मिळत नाहीत. त्यांच्यावर हे काम फुकट टाकू नका. नाहीतर ते महिनाभर सही करतील आणि कुणाचंच भलं होणार नाही. हे काम कार्यभारात धरा. ज्यांची संध्याकाळची पाळी असेल त्यांचा दुसऱ्या दिवशीचा पहिला तास काढून घ्या. मानधन द्या, ते हॉस्टेलच्या फीमधून निघू शकतं. महिलांना रात्री घरी सोडायची गाडी द्या. ज्यांना लहान मुलं आहेत किंवा घरी आजारी माणूस आहे त्यांना यातून वगळा, आणि ज्यांना मुलांत बसायला आवडतं त्यांना आधी विचारा. असे शिक्षक प्रत्येक कॉलेजात असतात. कॅन्टीनमध्ये मुलं कुणाच्या टेबलाभोवती जमतात ते बघा, नावं मिळतील. वीस-बावीस जणांत महिना वाटला तर प्रत्येकाच्या वाट्याला एक-दोन संध्याकाळी येतात.

आणि त्याच चार तासांत त्यांना काय मिळेल तेही सांगते, कारण माझं आयुष्य त्यात गेलं आणि मी त्यात सुखी होते. घाबरून आलेली तीच मुलगी दिवाळीच्या सुट्टीहून परत येते तेव्हा तिच्या पिशवीत सगळ्या मजल्याला पुरेल एवढा फराळ असतो. वाळत नसलेले कपडे पावसाळाभर दोरीवर सरकवत राहणाऱ्या, एकमेकींचे केस विंचरणाऱ्या, परीक्षेच्या आदल्या रात्री जिन्यात बसून एकीला दुसरीने इंटिग्रेशन समजावून सांगणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. नंदुरबारची मुलगी आणि रत्नागिरीची मुलगी एकमेकींची बोली बोलायला शिकतात. चार वर्षांनी निघताना ज्या गळ्यात पडून रडतात, त्या पहिल्या आठवड्यात एकमेकींशी बोलतही नव्हत्या. हॉस्टेल माणसाला खूप देतं. तोवर मूल तिथे टिकलं पाहिजे, एवढंच.

टिकत नाहीत ती बहुतेक गौरी-गणपतीला जातात. चार दिवसांसाठी घरी निघालेली मुलगी मोठी बॅग, उशी आणि बादलीसुद्धा घेऊन निघाली, की मी फाटकातच तिला थांबवून बसवायची, चहा द्यायची, विचारायची. काही जणी थांबल्या. काही जणी गेल्या त्या परत आल्या नाहीत. पुढे कळायचं की लग्न ठरलं, किंवा तालुक्याच्या कॉलेजात नाव घातलं. कॉलेजच्या नोंदीत त्यांच्यापुढे "प्रवेश रद्द" लिहिलं गेलं आणि त्या जागेवर पुढची मुलगी आली. त्यांतल्या कुणाचीही बुद्धी कमी नव्हती. संध्याकाळी त्यांच्याशी कुणी बोललं असतं तर त्यांतल्या काही आज इंजिनिअर, डॉक्टर, शिक्षिका असत्या, याची मला खात्री आहे.

म्हणून गणपतीच्या आधीचे आठवडे हातचे जाऊ देऊ नका. प्रथम वर्षाची पहिली यादी लागेल त्याच दिवशी पाळ्यांचा तक्ता करून हॉस्टेलच्या दाराशी लावा : तारीख, शिक्षकाचं नाव, फोन नंबर. रेक्टरला आणि मेसच्या मावशींना त्या तक्त्याची प्रत द्या, आणि महिन्याच्या शेवटी त्या दोघींना प्राचार्यांच्या खोलीत बोलावून, बसवून विचारा की कोण जेवत नव्हतं, कोण एकटं होतं, आता कसं आहे. पहिल्या दिवशीच्या जेवणाला प्राचार्यांनी स्वतः यावं. तक्ता कसा करायचा, खोल्या कशा लावायच्या यासाठी कुणाला माझा उपयोग होणार असेल तर मी पुण्यातच आहे, बोलावल्या दिवशी येईन.

कळावे.

आपली नम्र,
एक निवृत्त रेक्टर, पुणे